इंजिनाची नाडीपरीक्षा

विजयादशमीच्या सायंकाळीं कोल्हापूरच्या दसरा चौकांत सोनें लुटण्याचा सोहळा पाहण्यास सारें शहर लोटतें. त्या गर्दींतून छत्रपति घराण्याची जुनी मेबॅक मोटार संथपणें वाट काढीत येते, तेव्हां लहानथोरांच्या माना एकदम तिच्याकडे वळतात. ही गाडी १९३६ सालची, जर्मन बनावटीची, राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत कोल्हापुरांत आलेली. तिच्या रुबाबाविषयीं पुष्कळ बोललें जातें; परंतु तिच्या नांवाशीं मोटारविद्येंतील एक मोठा शोध निगडित आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या कार्ल मेबॅकच्या कारखान्यांत ती तयार झाली, त्याचा पिता विल्हेल्म मेबॅक यानें १८९३ सालीं पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करण्याची एक नवी युक्ति काढली. वेगानें वाहणाऱ्या हवेंत बारीक तोटींतून पेट्रोलाचा फवारा सोडावयाचा, एवढीच ती युक्ति. पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगांतील बहुतेक पेट्रोल-मोटारी ह्याच तत्त्वावर धांवल्या. आणि हौसेनें इंजिन सुधारून घेणारांच्या बहुतेक तक्रारींचें मूळहि ह्याच एका ठिकाणीं सांपडतें.

हें तत्त्व समजण्यास अत्तराच्या फवाऱ्याची बाटली डोळ्यांपुढें आणावी. तिचा रबरी गोळा दाबला कीं हवेचा झोत तोटीवरून जातो आणि खालचें अत्तर आपोआप वर ओढलें जाऊन त्याचे तुषार उडतात. कार्ब्युरेटरांत गोळा दाबण्याचें काम पिस्टन करतो. तो खालीं जातांना हवा आंत खेंचतो. वाटेंत नळीचा गळा मुद्दाम अरुंद केलेला असतो. तेथें हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळें शेजारच्या वाटींतील पेट्रोल, जेट नांवाच्या मोजून पाडलेल्या छिद्रांतून वर येतें व तुषाररूपानें हवेंत मिसळतें. किती हवा घ्यावयाची हें थ्रॉटलची झडप ठरविते. त्या हवेबरोबर किती पेट्रोल जावें हें जेटचें छिद्र ठरवितें.

हें प्रमाण कांटेकोर असावें लागतें. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. वजनाचे हे आंकडे मापांत मांडले म्हणजे माणूस चकित होतो. कारण एक लिटर पेट्रोलास सुमारें ९,००० लिटर हवा खर्ची पडते. म्हणजे इंजिनाचें खरें खाद्य हवा हेंच असून पेट्रोल हें त्यांतलें तोंडीलावणें होय. हवेच्या मानानें पेट्रोल अधिक झालें, तर मिश्रण दाट झालें असें म्हणावें. कमी पडलें, तर विरळ. गॅरेजांतील मिस्त्री यांनाच ‘रिच’ आणि ‘लीन’ म्हणतात. पूर्ण शक्ति हवी असतां मिश्रण थोडें दाट, म्हणजे साडेबारा ते तेरास एक, असें ठेवतात. काटकसरीनें चालवावयाचें असतां तें पंधरा-सोळास एक इतकें विरळ चालतें. ह्या मर्यादांच्या बाहेर गेलें कीं इंजिन कुरकूर करूं लागतें.

कोल्हापूरचें व इंजिनांचें सख्य जुनें आहे. म्हादबा मिस्त्री शेळके, वाय. पी. पोवार यांसारख्या कारागिरांनीं हातच्या कसबावर येथें ऑईल इंजिनें घडविलीं. शिवाजी उद्यमनगरांत लेथ, ओतशाळा व सुटे भाग करणारे कारखाने यांची दाटी झाली. अशा शहरांत जुनी गाडी भंगारांत न घालतां तिचें इंजिन सुधारून घेण्याची हौस असावी, यांत नवल नाहीं. समजा, एका घरीं वडिलांच्या वेळची पद्मिनी मोटार आहे. मुलानें सिलिंडर बोअर करून घेतले, नवे पिस्टन घातले, मूळच्यापेक्षां मोठा कार्ब्युरेटर चढविला. सपाट रस्त्यावर गाडी झकास पळते. पण ती जागीं उभी असतां इंजिनाची चाल स्थिर राहत नाहीं, आणि पन्हाळ्याच्या चढणीवर अॅक्सिलरेटर दाबतांच ती अडखळते व कार्ब्युरेटरांतून ‘फट्’ असा आवाज येतो. पेट्रोल कमी पडत असावें, असें ठरवून मुलगा मोठें जेट घालतो. आतां मागून काळा धूर येतो, पेट्रोलाचा खर्च वाढतो, अडखळ मात्र जागच्या जागीं! मग तो स्क्रू पिळूं लागतो. दोन रविवार असेच जातात, आणि मूळची मांडणी काय होती हेंहि शेवटीं कोणास आठवत नाहीं.

येथें चूक हाताची नाहीं, क्रमाची आहे. नाडी पाहिल्यावांचून मात्रा देणारा वैद्य आणि लक्षणें न पाहतां जेट बदलणारा मिस्त्री यांत फारसा भेद नाहीं. इंजिनाचीहि नाडी पाहतां येते, आणि ती पाहण्याचा एक ठरलेला क्रम आहे.

पहिला प्रश्न असा कीं, रोग खरोखर मिश्रणाचाच आहे काय? प्लगची ठिणगी दुबळी असली, ठिणगीची वेळ चुकली असली, किंवा व्हॉल्व्हची फट कमीअधिक झाली असली, तरी इंजिन तसेंच अडखळतें. म्हणून आधीं प्लग, त्याच्या तारा, ठिणगीची वेळ, व्हॉल्व्हची फट आणि प्रत्येक सिलिंडरांतील दाब हीं तपासून घ्यावींत. हें केल्यावांचून कार्ब्युरेटरास हात लावूं नये.

दुसरा प्रश्न, मिश्रण दाट आहे कीं विरळ? दाट मिश्रणाचीं लक्षणें डोळ्यांना व नाकाला कळतात. सायलेन्सरांतून काळा धूर व पेट्रोलाचा वास येतो, प्लगवर कोरडी काजळी चढते, आणि इंजिन थंड असतां बरें चाललें तरी तापल्यावर जड होतें. जास्तीचें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढतें, त्यामुळें रिंगा लौकर झिजतात. विरळ मिश्रण अधिक कावेबाज असतें. अॅक्सिलरेटर एकदम दाबला कीं क्षणभर इंजिनाचा दम तुटतो, कार्ब्युरेटरांतून फटफट होते, वेग सोडल्यावर सायलेन्सरांत बार उडतात, प्लगचें टोंक पांढरें पडतें. इंजिन थंड असतां रडतें व तापलें म्हणजे थोडें सुधारतें. शंका राहिली तर चोकची साधी परीक्षा आहे. दोष दिसत असतांच चोक किंचित् ओढावा, म्हणजे हवा कमी होऊन मिश्रण दाट होतें. त्यानें इंजिन सुधारलें तर मिश्रण विरळ होतें. बिघडलें तर तें दाट होतें किंवा योग्यच होतें.

ह्या दोहोंत विरळपणाचें भय अधिक धरावें. दाट मिश्रण पैसा खातें. भाराखालीं विरळ झालेलें मिश्रण इंजिन खातें. सिलिंडरांतील ज्वाळेची उष्णता २,००० अंश सेल्सिअसच्याहि वर जाते, आणि पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा बनतो तें सुमारें ६६० अंशांवर वितळतें. पिस्टन तरतो तो त्याची उष्णता रिंगा, तेल व सिलिंडरची भिंत यांच्या वाटे सतत निघून जाते म्हणून. पूर्ण भारावर थोडें अधिक दिलेलें पेट्रोलहि ही आंच सौम्य करतें. तें कमी पडलें कीं इंधन अवेळीं पेटून धातूवर हातोडी मारल्यासारखा ठणठण आवाज होऊं लागतो. चढणीवर हा आवाज ऐकूं आला तर तत्काळ अॅक्सिलरेटर सोडावा. हट्टानें पुढें गेल्यास पिस्टनला भोंक पडल्यावरच गाडी थांबेल.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक वेळां तोच विसरला जातो. दोष थ्रॉटलच्या कोणत्या स्थितींत दिसतो? कार्ब्युरेटरांत पेट्रोलास एकच वाट नसते. इंजिन जागीं चालतांना पेट्रोल लहान जेटांतून व मिश्रणाच्या स्क्रूवरून येतें. थ्रॉटल थोडा उघडला कीं त्याच्या कडेच्या बारीक भोंकांचें राज्य सुरू होतें. अर्ध्याच्या पुढें व पूर्ण उघडल्यावर मोठें जेट काम करतें. एकदम दाबल्यावर जी क्षणिक उणीव पडते, ती भरून काढण्यास लहानसा पंप असतो. म्हणून जागीं चालतांना होणारी कुरकूर मोठें जेट बदलून जात नाहीं, आणि पूर्ण वेगावरची उणीव स्क्रू फिरवून भरत नाहीं. अॅक्सिलरेटरच्या तारेवर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून कोणत्या खुणेवर काय होतें तें टिपून ठेवलें, तर अर्धें निदान तेथेंच होतें.

पद्मिनीचा दाखला आतां ह्या कसोटीवर लावून पाहावा. जागीं चालतांना चोक थोडा ओढला तर चाल सुधारते; म्हणजे तेथें मिश्रण विरळ आहे. पूर्ण वेगावर मात्र काळा धूर येतो. म्हणजे तेथें तें दाट आहे. एका टोंकास विरळ व दुसऱ्यास दाट, हें कोडें नव्हे. हीच रोगाची ओळख आहे. थ्रॉटल जवळजवळ बंद असतां इंजिन फार थोडी हवा घेतें, आणि झडपेच्या पलीकडे ओढ मोठी असते. अशा वेळीं कार्ब्युरेटर व सिलिंडर यांच्यामध्यें एखाद्या सांध्यांतून चोरटी हवा शिरत असली, तर त्या थोडक्या हवेंत तिचा वांटा मोठा होतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर हवेचा पूर वाहतो, आणि त्यांत ही चोरी कोठल्या कोठें नाहींशी होते. नवा कार्ब्युरेटर बसवितांना पॅकिंग नीट बसलें नाहीं, किंवा सांध्याचा पृष्ठभाग सरळ नसला, कीं असें घडतें. इंजिन चालूं असतां सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा विजेच्या तारा वांचवून एकेका ठिकाणीं मारावा. एखाद्या ठिकाणीं इंजिनाची चाल बदलली, तर चोर तेथें आहे. ह्या कामास पेट्रोल वापरणारे लोक आहेत. तापलेल्या सायलेन्सरशेजारीं तो आगीशीं खेळ होय.

अशा रीतीनें सांधा सांपडला, पृष्ठभाग सपाट करून नवें पॅकिंग घातलें, मोठें जेट काढून पूर्वींचें बसविलें, पंपाची तुंबलेली तोटी साफ केली, म्हणजे तीच गाडी पन्हाळा विनातक्रार चढते. ज्या जेटवर दोन रविवार खर्ची पडले, त्याचा दोषाशीं कांहींएक संबंध नव्हता.

याच्या उलट चित्रहि दिसतें. गाडी जागीं उत्तम चालते, गांवांत उत्तम चालते, पण लांब चढणीवर तीन-चार मिनिटांनीं तिचा दम उखडतो. थोडी थांबली कीं पुन्हां ठीक. येथें जेट निर्दोष असून पेट्रोलाचा पुरवठा कमी पडतो. टाकीच्या झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे काय, गाळणी भरली आहे काय, पंप थकला आहे काय, हें पाहावें. आणि थ्रॉटलच्या सर्वच स्थितींत मिश्रण दाट असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटींतील फ्लोट काढून कानाशीं हलवावा. आंत पेट्रोल डचमळलें तर तो फुटका आहे. जड झालेला फ्लोट वर येत नाहीं, वाटींतील पातळी चढते, आणि सर्व जेटांतून जास्त पेट्रोल जातें.

इतकें झाल्यावरच स्क्रू व जेट यांची पाळी येते. इंजिन पुरतें तापलेलें असावें, हवेची गाळणी बसविलेली असावी. मिश्रणाचा स्क्रू अर्ध्या-अर्ध्या वेढ्यानें फिरवून इंजिनाची चाल सर्वांत जलद व एकसारखी होईल ती जागा शोधावी, आणि मग थ्रॉटलच्या टेकूचा स्क्रू सैल करून वेग खालीं आणावा. कांहीं कार्ब्युरेटरांत हा स्क्रू पेट्रोल आंवळतो, कांहींत हवा. म्हणून ‘आंत पिळला कीं विरळ’ हा नियम सर्वत्र लागूं पडत नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत लिहावी. दोन गोष्टी एकदम बदलणारास गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. हें सारें मोकळ्या जागेंत करावें. बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवल्यास धुरांतील कार्बन मोनॉक्साईड हा वासरहित वायु माणसाचा प्राण घेतो.

कोल्हापुरांत इंजिन लावणारानें आणखी दोन गोष्टींचा हिशोब ठेवला पाहिजे. हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर आहे, आणि येथील हवा रत्नागिरीच्या हवेपेक्षां सुमारें ५ टक्क्यांनीं हलकी आहे. कार्ब्युरेटर हवेचें वजन ओळखत नाहीं. त्यामुळें तीच गाडी कोल्हापुरांत किंचित् दाट व आंबा घाट उतरून समुद्रकांठीं गेल्यावर किंचित् विरळ चालते. हा फरक दोन-तीन टक्क्यांचा. एरव्हीं तो जाणवतहि नाहीं. पण ज्यानें काटकसरीच्या लोभानें येथेंच मिश्रण अगदीं कडेवर आणून ठेवलें, त्याला तो घाटाखालीं भोंवतो.

दुसरी गोष्ट उसाची. कोल्हापूर जिल्ह्याच्या शेतांतील ऊस साखर होतो, तसा इथेनॉल नांवाचा मद्यार्कहि होतो, आणि तो पेट्रोलांत मिसळला जातो. ही कल्पना नवी नव्हे. अशा मिश्रणाविषयीं भारतांत १९४८ सालींच कायदा झाला होता. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेलें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें, आणि २०२५ सालीं तें देशभर रूढ झालें. एक किलो इथेनॉलास जळण्यास केवळ ९ किलो हवा लागते; त्यामुळें ह्या मिश्र पेट्रोलाचें योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरतें. शुद्ध पेट्रोलासाठीं पाडलेलें जुनें जेट तसेंच ठेवलें, तर मिश्रण सुमारें सात टक्क्यांनीं विरळ होतें. शिवाय इथेनॉल टाकींतील जुना मळ सोडवून जेटांत आणून बसवितें, पाणी ओढून घेतें आणि जुन्या रबराच्या नळ्या व पॅकिंगें सुजवितें. म्हणून वडिलांच्या वेळचें पुस्तक पाहून बसविलेलें जेट त्या वेळीं बरोबर होतें, एवढ्यानें तें आज बरोबर ठरत नाहीं. नळ्या बदलाव्यात, गाळणी वरचेवर पाहावी, आणि जेट एखाद्या पायरीनें मोठें करून प्लगचा रंग तपासावा. फिक्या विटकरी रंगाचा प्लग सामान्यतः समाधान दर्शवितो. मात्र नव्या पेट्रोलांत रंग पूर्वींसारखा स्पष्ट उमटत नाहीं, म्हणून त्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊं नये.

भारतांतील मोटारींतून २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटर मागें पडूं लागला आणि विजेच्या हुकमानें पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले. मोठें इंजिन, मोठे इंजेक्टर व नवा संगणक बसवून गाडी सुधारणारांचा आतां स्वतंत्र वर्ग आहे. त्यांच्या हातीं एक उत्तम साधन आहे. सायलेन्सरच्या नळींत बसविलेला, उरलेला प्राणवायु मोजणारा सेन्सर. असा सेन्सर १९७६ सालीं व्होल्व्हो मोटारींत प्रथम आला. त्याच्या साक्षीवर संगणक पेट्रोल कमीजास्त करतो आणि किती टक्के बदल करावा लागला त्याची नोंद ठेवतो. ती नोंद म्हणजे आयतीच लिहिलेली नाडी! जागीं चालतांना संगणकास पुष्कळ पेट्रोल वाढवावें लागतें व वेग वाढल्यावर तें लागत नाहीं, तर चोरटी हवा शोधावी. जागीं सर्व ठीक असून भार वाढतांच पेट्रोल वाढवावें लागतें, तर पंप व गाळणी पाहावी. म्हणजे पद्मिनीस लागूं पडलेलें निदान येथेंहि जसेंच्या तसें लागूं पडतें.

परंतु हा साक्षीदारहि कधीं फसवितो. एखाद्या सिलिंडरांत ठिणगीच पडली नाहीं, तर तेथील पेट्रोल व हवा दोन्हीं न जळतां बाहेर पडतात. सेन्सरला त्यांतला प्राणवायु तेवढा कळतो, आणि तो ‘मिश्रण विरळ आहे’ असें सांगतो. त्यावर विश्वासून पेट्रोल वाढविलें कीं प्लग अधिक भिजतो व दोष वाढतो. सेन्सरच्या आधीं सायलेन्सरच्या सांध्यांतून बाहेरची हवा शिरली, तरी तीच खोटी साक्ष मिळते. म्हणून यंत्र कितीहि नवें असो, आधीं ठिणगी, मग सांधे, मग पुरवठा आणि अखेरीस मिश्रण, हा क्रम बदलत नाहीं.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. नवी गाडी घेणें सोपें असतें. परंतु ज्या गाडींतून घरांतील वरात निघाली, ज्या गाडींतून जोतिबास व नरसोबाच्या वाडीस जाणें झालें, ती चालती ठेवण्यांत घरोघर एक समाधान असतें. त्या समाधानाची किंमत म्हणजे थोडा धीर आणि एक वही. दसऱ्याच्या दिवशीं घरोघर यंत्रांची पूजा होते, मोटारीस झेंडूची माळ पडते. माळ घालण्यापूर्वीं प्लग काढून त्याचा रंग पाहिला, टाकीच्या झांकणाचें छिद्र साफ केलें आणि इंजिनाची चाल क्षणभर कान देऊन ऐकली, तर ती पूजा अधिक सार्थ होईल.